नाव ठेवणे आणि नावे ठेवणे : बालनामांच्या निवडीतील अर्थ व साहचर्य

१

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ हे दोन वाक्प्रचार केवळ वचनभेदाने एकमेकांपासून वेगळे झालेले आहेत. पहिली क्रिया बारशाच्या दिवशी पाळण्याशी होते. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि ती क्रिया संपते. दुसरी क्रिया मात्र त्याच दिवशी, घुगऱ्या वाटून होण्यापूर्वीच, सुरू होते आणि त्या नावाच्या धारकास जन्मभर पुरते. पहिलीचे कर्तृत्व कुटुंबाकडे असते, दुसरीचे समाजाकडे. नाव निवडणारे आईबाप पहिली क्रिया करीत असताना दुसरीचाच विचार मनात वागवीत असतात, आणि म्हणून बालनामाच्या निवडीचा उलगडा नावाच्या कोशगत अर्थापेक्षा त्याच्या साहचर्यावरून अधिक चांगला होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन मुद्दाम करण्याचे कारण असे की, आपल्याकडे या विषयावर जे लिहिले जाते त्यातील बराच भाग याच्या उलट गृहीतावर उभा आहे. बाळाच्या नावांचे जे संग्रह पुस्तकांच्या दुकानांत आणि आता सर्वत्रच मिळतात, त्यांची मांडणी प्रातिनिधिक समजावयास हरकत नाही. वर्णानुक्रमाने नाव, त्यापुढे लिंग, त्यापुढे अर्थ, आणि पुष्कळदा रास, अशी ही मांडणी असते. नाव केव्हापासून प्रचारात आहे, कोणत्या प्रदेशात वा समाजात चालते, ते पूर्वी कोणी धारण केले होते, यांपैकी एकाही गोष्टीस तेथे स्तंभ नसतो. यामागील सिद्धांत असा की, नाव म्हणजे अर्थवान शब्द आणि निवड म्हणजे अर्थाची निवड. संग्रहकर्त्यांनी हा सिद्धांत बाळगावा यात नवल नाही. त्यांचा व्यवसायच त्यावर चालतो. परंतु नामाभ्यास करणारे विद्यार्थी जेव्हा या संग्रहांतील अर्थाचा स्तंभ पुरावा म्हणून उद्धृत करतात आणि त्यावरून ‘मराठी समाजाची मूल्ये’ काढू लागतात, तेव्हा त्या पुराव्याची तपासणी करणे अगत्याचे ठरते.

२

चार नावे तपासून पाहू. पहिले नाव ‘आरव’. गेल्या दोन दशकांत हे नाव शहरी मध्यमवर्गात झपाट्याने पसरले. संग्रहांत त्याचा अर्थ बहुधा ‘शांत’ असा दिलेला आढळतो. संस्कृतात ‘आरव’ हा ‘रु’ या धातूपासून झालेला शब्द असून त्याचा अर्थ आवाज, आरोळी, गलबला असा आहे. ‘रव’ आणि ‘कलरव’ हे शब्द ज्यास ठाऊक आहेत अशा मराठी वाचकास हे सांगावयास नको. म्हणजे येथे संग्रहाचा अर्थ मूळ अर्थाच्या नेमका उलट आहे. असे असूनही नावाच्या प्रसारास काडीचीही बाधा आली नाही. एका लोकप्रिय हिंदी चित्रनटाच्या मुलाचे ते नाव आहे, एवढी गोष्ट पुरेशी झाली. अर्थ मागाहून आणि गरजेपुरता पुरविण्यात आला.

दुसरे नाव ‘कियारा’. २०१० सालच्या ‘अंजाना अंजानी’ या हिंदी चित्रपटातील नायिकेचे हे नाव. आलिया अडवाणी या नटीने २०१४ साली चित्रपटांत पदार्पण करताना तेच नाव घेतले, कारण ‘आलिया’ हे नाव धारण करणारी एक नटी आधीच प्रसिद्ध होती. ही घटना स्वतंत्रपणे बोधप्रद आहे. नावात दोष नव्हता, अर्थात दोष नव्हता. जागा भरलेली होती. ‘कियारा’च्या व्युत्पत्तीकडे पाहावे, तर आयरिश भाषेतील एक नाव श्यामवर्णाचा बोध करून देते आणि इटालियन भाषेतील त्याच उच्चाराजवळचे नाव तेजस्वी, स्वच्छ असा अर्थ देते. काळी आणि उजळ, या दोहोंपैकी कोणता अर्थ आपण आपल्या मुलीस दिला, याची विवंचना एखाद्या मराठी कुटुंबाने केली असेल असे वाटत नाही.

तिसरे नाव ‘सचिन’. बंगालीत हे नाव तालव्य श-काराने आणि दीर्घ ई-काराने, ‘शचीन’ असे लिहिले जाते, आणि शची व तिचा पती इंद्र यांच्याशी त्याचे नाते उघड आहे. मराठीत येताना ‘श’चा ‘स’ झाला, ‘ची’चा ‘चि’ झाला आणि ते नाते पुसले गेले. ‘सचिन’ या रूपास मराठीत वा संस्कृतात सरळ अर्थ लावता येत नाही. असे असूनही हे अर्थहीन झालेले रूप महाराष्ट्रात घरोघर गेले.

चौथे नाव ‘राहुल’ हे अधिक गंभीर विचारास पात्र आहे. ते गौतम बुद्धांच्या पुत्राचे नाव. बौद्ध परंपरा त्याचा संबंध ‘बंधन’ या कल्पनेशी जोडते. पुत्रजन्माची वार्ता ऐकताच सिद्धार्थास नवे बंधन निर्माण झाल्याची जाणीव झाली, अशी ती कथा आहे. नामसंग्रहांत मात्र ‘कार्यक्षम’, ‘समर्थ’ अशा छापाचे अर्थ आढळतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि दिली. त्यानंतर महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत सिद्धार्थ, गौतम, आनंद, राहुल, सुजाता, संघमित्रा ही नावे निश्चयपूर्वक ठेवली गेली. तेथे ‘राहुल’ या नावाचे साहचर्य एका परंपरेशी, आणि त्याहूनही अधिक एका निर्णयाशी होते. पुढे १९९३ चा ‘डर’, १९९७ चा ‘दिल तो पागल है’ आणि १९९८ चा ‘कुछ कुछ होता है’ या हिंदी चित्रपटांत शाहरुख खान याच्या पात्राचे नाव राहुल होते, आणि या नावाभोवती निराळेच, शहरी प्रणयाचे वलय निर्माण झाले. एकाच वर्गात बसलेल्या दोन राहुलांपैकी एकाच्या नावामागे दीक्षाभूमी आणि दुसऱ्याच्या नावामागे चित्रपटगृह असू शकते. कोशातील अर्थाच्या स्तंभास हा भेद दिसत नाही. तो दिसावयाचा तर नावाच्या पूर्वधारकांकडे पाहावे लागते.

३

येथे कोणी म्हणेल की, अर्थास विसरून धारकाकडे पाहणे ही आजच्या चित्रपटयुगाची विकृती आहे; पूर्वीची नामनिवड अर्थपूर्ण होती. हा समज परंपरेच्या अज्ञानातून आलेला आहे. व्याकरणाच्या अभ्यासकांस पतंजलीच्या महाभाष्यातील पस्पशाह्निक परिचित असते. व्याकरण का शिकावे याची प्रयोजने सांगताना तेथे नामकरणाचा विषय येतो. पुत्राचे नाव कसे असावे? त्याचा आरंभ घोषवर्णाने व्हावा, मध्ये अंतस्थ वर्ण असावा, आद्यस्वर वृद्ध नसावा, ते दोन वा चार अक्षरांचे असावे, कृदंत असावे, तद्धितान्त नसावे. यांशिवाय आणखी दोन अटी आहेत. नाव पित्याकडील तीन पुरुषांचे स्मरण देणारे असावे आणि ते शत्रूच्या ठिकाणी रूढ झालेले नसावे.

या अटींचे वर्गीकरण केल्यास काय आढळते? पहिल्या सर्व अटी नावाच्या रूपासंबंधी आहेत; उरलेल्या दोन त्याच्या धारकांसंबंधी आहेत. ज्यांचे स्मरण हवे असे धारक आणि ज्यांचे स्मरण नको असे धारक, असे त्यांचे सरळ दोन भाग पडतात. ‘अर्थ शुभ असावा’ अशी अट या यादीत नाही. वृद्ध स्वराने आरंभ होणारे आणि तीन अक्षरांचे ‘आरव’ हे नाव या कसोटीस उतरले नसते. परंतु ते ज्या कारणाने आज निवडले जाते त्या कारणाचा प्रकार पतंजलीस अपरिचित नव्हता. नाव हे आधीच कोणाच्या तरी ठिकाणी वसलेले असते, आणि ते घेताना तो कोण हे पाहावे लागते, ही जाणीव दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

अर्थाचा आग्रह धरणारा ग्रंथही परंपरेत आहे, आणि तो कोणत्या हेतूने धरला हेही पाहिले पाहिजे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे असे सांगितले आहे. येथे अर्थ आहे, परंतु तो मुलाचा नव्हे, त्याच्या सामाजिक पायरीचा आहे. सारांश, ‘अर्थपूर्ण नाव’ ही निष्पाप कल्पना नाही. अर्थ कोण ठरवितो आणि कोणासाठी ठरवितो हा प्रश्न तिच्या पोटात आहे.

४

आता सिद्धांताची बाजू थोडक्यात मांडू. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात असे मत मांडले की, विशेषनाम केवळ निर्देश करते, गुणांचा बोध करून देत नाही. ऑटो येस्पर्सन याने १९२४ सालच्या आपल्या व्याकरणतत्त्वविषयक ग्रंथात याच्या उलट बाजू घेतली. प्रत्यक्ष व्यवहारात विशेषनामाइतका गुणांचा भार दुसरा कोणताही शब्द वाहत नाही, कारण ज्यास ती व्यक्ती ठाऊक आहे त्यास त्या नावाबरोबर तिचे सर्व गुण आठवतात, असा त्याचा आशय होता. दोन्ही मते आपापल्या जागी ठीक आहेत. परंतु बालनामाच्या प्रसंगी या दोहोंच्या मधली एक अवस्था असते, तिची दखल दोघांनीही घेतलेली नाही. पाळण्यातील मुलास अद्याप गुण नाहीत, म्हणून नाव त्याचे गुण सांगू शकत नाही. परंतु नाव कोरेही नाही. त्यावर पूर्वीच्या धारकांचे गुण चिकटलेले आहेत. नामकरण म्हणजे दुसऱ्याच्या वापरातून आलेली वस्तू नव्या मालकास देणे होय.

हे हस्तांतर किती लांब पल्ल्याचे असू शकते याचे उदाहरण क्रिकेटच्या इतिहासात आहे. सुनील गावसकर यांनी १९७१ साली वेस्ट इंडीजमधील आपल्या पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या. पुढे १९७६ साली जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव त्यांनी रोहन ठेवले, ते गयानाचे फलंदाज रोहन कन्हाय यांच्यावरून. कन्हाय हे हिंदुस्थानातून मळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या वंशातले. म्हणजे करारबद्ध मजुरांबरोबर समुद्रापार गेलेल्या नामपरंपरेतील एक नाव कीर्ती घेऊन मुंबईस परत आले. उलट दिशेने, १९८८ साली त्रिनिदाद येथे जन्मलेले गोलंदाज सुनील नारायण यांस गावसकरांचे नाव मिळाले. आणि पूर्वी उल्लेखिलेले ‘सचिन’ हे नाव सचिन तेंडुलकर यांस त्यांचे वडील, कवी रमेश तेंडुलकर यांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून दिले. त्यानंतर महाराष्ट्रात ज्या असंख्य मुलांना हे नाव मिळाले त्यांच्या आईबापांच्या मनात बर्मन नव्हते, तेंडुलकर होते. नाव तेच राहिले, पूर्वधारक बदलला. साहचर्याचा हा एक महत्त्वाचा विशेष होय: नवा, अधिक तेजस्वी धारक आला म्हणजे जुन्यास तो झाकून टाकतो.

साहचर्याचा दुसरा विशेष असा की, त्यास आईबापांची संमती लागत नाही. न्यूझीलंडचे क्रिकेटपटू रचिन रवींद्र यांचे नाव राहुल द्रविड व सचिन तेंडुलकर यांच्या नावांच्या जोडणीतून झाले, अशी समजूत २०२३ सालच्या विश्वचषकाच्या वेळी सर्वत्र पसरली. त्यांच्या वडिलांनी खुलासा केला की, नाव पत्नीने सुचविले, ते कानास बरे वाटले आणि लहान होते म्हणून ठेवले. ही जोडणी काही वर्षांनी लक्षात आली. खुलाशाने समजूत मागे हटली नाही. ‘नाव ठेवणे’ कुटुंबाचे आणि ‘नावे ठेवणे’ समाजाचे, असे आरंभी म्हटले ते याच अर्थाने. नावाचा इतिहास अखेर ऐकणारा रचतो.

५

आतापर्यंत आकर्षणाची उदाहरणे पाहिली. परंतु निवडीच्या प्रत्यक्ष प्रक्रियेत वर्जनाचे कार्य अधिक व्यापक असते. घरात नावांची चर्चा चालू असता एखादे नाव का आवडले हे सांगताना माणसे अडखळतात. का नको हे मात्र तत्काळ सांगतात. मंथरा, कैकेयी, शकुनी ही नावे ध्वनीच्या दृष्टीने निर्दोष आहेत. त्यांस कथेने बाद केले आहे. येथेही समाजभेद आहे. शहरी मध्यमवर्गास ‘बिभीषण’ हे नाव घरभेद्याचे वाटते, तर मराठवाडा-सोलापूरकडे ते नाव धारण करणारी माणसे भेटतात. तेथे तो रामाच्या पक्षाचा भक्त आहे. एकाच कथेतील एकाच पात्राची दोन वाचने दोन समाजांत दोन नामव्यवहार निर्माण करतात.

याहून सूक्ष्म वर्जन ते की जे कथेतून न येता श्रमविभागणीतून येते. मुंबईच्या पांढरपेशा घरांत ‘रामा’ हा शब्द एके काळी घरगड्याचा वाचक झाला होता. गड्याचे खरे नाव काहीही असो, त्यास हाक ‘रामा’ अशीच मारली जाई. देवाचे नाव विशेषनाम म्हणून पूज्य राहिले आणि त्याचेच संबोधनासारखे रूप सामान्यनाम होऊन चाकरीस लागले. या रूपांतराचे कारण अर्थात नाही, ध्वनीत नाही. ते हाक मारण्याच्या रीतीत आहे. जे नाव सतत आज्ञार्थी क्रियापदाच्या आधी उच्चारले जाते त्यास त्या आज्ञेची कळा येते. हे सूत्र लक्षात ठेवले असता आधुनिक व्यापारी छापांचा प्रश्न बराच सुबोध होतो.

६

ज्यास आज सर्रास ब्रँड म्हणतात ती व्यापारी छाप आणि व्यक्तिनाम यांचा संबंध दुहेरी आहे. बहुतेक चर्चेत त्याची एकच बाजू, म्हणजे वस्तूचे नाव मुलास देण्याची, पाहिली जाते. वस्तुस्थिती अशी की, नामांचा ओघ प्रथम मुलांकडून वस्तूंकडे गेला. अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी १९६९ साली सुरू केलेल्या धुण्याच्या पावडरीस आपल्या निरुपमा नावाच्या मुलीवरून ‘निरमा’ हे नाव दिले. ‘मर्सिडीज’ हे एमिल येलिनेक याच्या मुलीचे नाव, आणि त्याआधी स्पॅनिश जगात ते करुणामयी मातेच्या उपासनेतून आलेले स्त्रीनाम. १९०२ साली ते मोटारींसाठी नोंदविले गेले, आणि पुढच्याच वर्षी येलिनेक याने स्वतःच्या आडनावास ते जोडून घेतले. मुलीचे नाव गाडीस आणि गाडीचे नाव बापास, असा हा उलटा प्रवास आहे. १९५२ साली निघालेली ‘लॅक्मे’ ही सौंदर्यप्रसाधनांची छाप देलिब याच्या १८८३ सालच्या फ्रेंच संगीतिकेच्या नायिकेवरून आली, आणि त्या नायिकेचे नाव म्हणजे ‘लक्ष्मी’चे फ्रेंच वळण.

या उदाहरणांतून एक भेद स्पष्ट होतो. छाप बनताना नावाचे रूप जर बदलले, तर मूळ नाव सुरक्षित राहते. ‘निरमा’मुळे ‘निरुपमा’स काही झाले नाही, ‘लॅक्मे’मुळे ‘लक्ष्मी’ या नावास धक्का लागला नाही. रूप जसेच्या तसे राहिले तरच साहचर्याचे संक्रमण होते. आणि तेव्हाही वस्तू कोणती, तिच्याशी आपला संबंध कोणत्या क्रियेने येतो, यावर परिणाम ठरतो. ‘उषा’ हे नाव शिलाईयंत्रावर आणि पंख्यावर आले, तरी मराठी घरांतील उषा त्यामुळे हास्यास्पद झाल्या नाहीत.

‘अलेक्सा’ या नावाचे उदाहरण याच कारणाने शिकण्यासारखे आहे. ॲमेझॉन कंपनीने २०१४ च्या नोव्हेंबरात बोलण्यास उत्तर देणारे एक यंत्र जाहीर केले आणि त्यास हाक मारण्यासाठी हे नाव योजिले. त्यापूर्वी अमेरिकेत नवजात मुलींच्या नावांत ते पहिल्या पन्नासांत होते. यंत्राचा प्रसार झाल्यावर काही वर्षांतच ते पहिल्या शंभरांतूनही बाहेर गेले. या घसरणीचे कारण ‘यंत्राचे नाव मुलीस कसे द्यावे’ एवढेच सांगणे अपुरे आहे. मोटारीचे नाव मुलीस चालते, याचे उदाहरण वर आलेच आहे. येथील विशेष असा की, या नावाचा प्रत्येक उच्चार संबोधन असतो आणि त्यामागून आज्ञार्थ येतो: दिवा लाव, गाणे लाव, गप्प बस. मुंबईच्या ‘रामा’चे जे झाले तेच अमेरिकेतील ‘अलेक्सा’चे झाले. यंत्र नवे आहे, भाषिक प्रक्रिया जुनी आहे. भर एवढीच की, पूर्वी ती पिढ्यांच्या चाकरीतून घडे. आता एका व्यापारी निर्णयाने घडते, आणि त्या नावाच्या हजारो धारकांस कोणी विचारीत नाही.

मात्र या ठिकाणी पद्धतीविषयी सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. छापेने नाव मारले, असे म्हणण्याचा मोह फार असतो. ‘विमल’ या नावाचे उदाहरण घ्यावे. एके काळी मराठी घरांत हे मुलींचे अत्यंत परिचित नाव होते. धीरूभाई अंबानी यांनी आपल्या पुतण्याच्या नावावरून कापडास ‘विमल’ ही छाप दिली. पुढे हेच नाव पानमसाल्याच्या पुडीवर आले. आज मुलीचे नाव विमल ठेवलेले क्वचितच आढळते. यावरून कार्यकारणभाव जोडणे सोपे आहे. पण ते शास्त्रीय होणार नाही. कारण शांता, कुसुम, सुशीला, मालती ही विमलच्या बरोबरीची नावेही आज पाळण्यात दिसत नाहीत, आणि त्यांच्यावर कोणत्याही पुडीचे ओझे नव्हते. आजीच्या पिढीची नावे नातीच्या पिढीस जुनाट वाटतात, हा सर्वसामान्य नियम तेथे कार्य करीत आहे. छापेचा परिणाम सिद्ध करावयाचा तर समवयस्क, समरूप आणि छापमुक्त अशा नावांशी तुलना करून, अधिक घसरण किती हे दाखवावे लागेल. छापेचा खरा परिणाम कदाचित दुसऱ्या ठिकाणी दिसेल: जुनी नावे जेव्हा पणतीच्या पिढीत पुन्हा हौसेने उचलली जातात, तेव्हा ‘विमल’ त्या पुनरागमनात सामील होते की मागे राहते, हे पाहावे. साहचर्य चालू नावास मारते त्यापेक्षा मेलेल्या नावास उठू देत नाही, असा तर्क करण्यास जागा आहे.

७

आता सर्वांत बळकट आक्षेपाचा विचार करू. नावाचा अर्थ जर इतका निर्बळ असेल, तर दगडू, धोंडू, केरू, कचरू ही नावे कशी पडली? आणि ‘नकुशी’ या नावाने मुलीस दुःख का होते? ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ या म्हणीत हसू येते ते अर्थामुळेच ना?

आक्षेप यथार्थ आहे, आणि त्याच्या उत्तराने आपल्या सिद्धांतास योग्य ती मर्यादा पडते. अर्थ तेव्हाच कार्य करतो, जेव्हा तो बोलणाऱ्याच्या जिवंत भाषेत पारदर्शक असतो. ‘आरव’ हा शब्द मराठी व्यवहारात नाही, म्हणून त्याच्या अर्थाची जागा रिकामी राहते आणि साहचर्य ती भरून काढते. ‘दगड’, ‘धोंडा’, ‘कचरा’ हे शब्द रोजचे आहेत. मुले जगत नसत अशा घरांत दृष्ट लागू नये, यमाने पाहूनही घेऊ नये, म्हणून ही नावे बुद्धिपुरस्सर ठेवली जात. म्हणजे नाव जितके पारदर्शक तितका अर्थ बलवान, आणि जितके अपारदर्शक तितके साहचर्य बलवान, असे प्रमाण मांडता येते. आजची संस्कृतप्रचुर आणि परभाषिक नावे बहुतांशी अपारदर्शक आहेत. आपले नामव्यवहार साहचर्याच्या स्वाधीन होत गेले त्याचे हे भाषिक कारण होय.

‘नकुशी’ची गोष्ट या दोन्ही शक्तींना एकत्र आणते. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली, तर ‘आता नको’ या अर्थाने तिचे नाव नकुशी वा नकोशी ठेवण्याची चाल सातारा जिल्ह्यात होती. दगडू या नावातील नकार दैवास फसविण्यासाठी होता. त्यामागे मूल जगावे ही इच्छा होती. नकुशी या नावातील नकार खरा होता. हाक मारताच त्याचा अर्थ पुन्हा उच्चारला जात होता, शाळेच्या हजेरीत रोज उच्चारला जात होता. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा येथे जाहीर समारंभात अशा २८५ मुलींची नावे बदलण्यात आली. नवी नावे घेताना काहींनी ‘ऐश्वर्या’सारखी चित्रतारकांची नावे घेतली, काहींनी ‘सावित्री’सारखी पुराणातील नावे घेतली, काहींनी ‘वैशाली’सारखी साधी, चारचौघींत खपून जाणारी नावे घेतली.

सिनेमावरून नाव ठेवणे हे उथळपणाचे लक्षण आहे, असे आपल्या विद्वद्वर्तुळात सहज बोलले जाते. या २८५ मुलींच्या संदर्भात ते विधान करून पाहावे. जिला आजवर ‘नको’ या शब्दाने हाक मारली गेली, तिने सर्वांना हवीशी वाटणाऱ्या एका स्त्रीचे नाव निवडले, तर ती उथळ कशी? तिने पतंजलीच्या यादीतील पूर्वधारकाची अटच पाळली. एवढेच की, स्मरण करावे असे तीन पुरुष तिला घरात सापडले नाहीत, म्हणून तिने धारक बाहेर शोधला. १९५६ नंतर ज्यांनी मुलांस सिद्धार्थ आणि सुजाता म्हटले, त्यांनीही मनुस्मृतीने नेमून दिलेल्या अर्थास बाजूस सारून स्वतःचे पूर्वधारक निवडले होते. दोन्ही घटनांची ऐतिहासिक योग्यता सारखी नाही. एक सामूहिक आणि विचारपूर्वक झालेली क्रांती, दुसरी एका सकाळी हातात आलेली संधी. परंतु भाषिक क्रिया एकाच जातीची आहे. साहचर्य हे दुर्बलांच्या हातातील एक साधन आहे. अर्थ देण्याचा अधिकार ज्यांना नाकारला गेला, त्यांनी धारक निवडण्याचा अधिकार वापरला.

८

या विवेचनावरून संशोधनासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, नामसंग्रहातील अर्थ हा निवडीच्या हेतूचा पुरावा मानू नये. फार तर तो निवडीनंतर दिलेल्या समर्थनाचा पुरावा होय, आणि त्या दृष्टीने त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावा. दुसरी अशी की, नावांचा अभ्यास कालानुक्रमाने आणि समाजशः करावा. त्यासाठी शाळांची जुनी जनरल रजिस्टरे, नगरपालिकांच्या जन्मनोंदी आणि मतदारयाद्या ही साधने आपल्या हाताशी आहेत. एका गावाच्या एका शाळेचे पन्नास वर्षांचे रजिस्टर शंभर नामसंग्रहांपेक्षा अधिक बोलेल. तिसरी अशी की, ठेवलेल्या नावांइतकीच न ठेवलेली नावे महत्त्वाची आहेत. ‘हे नाव का नाही ठेवले?’ हा प्रश्न प्रश्नावलीत पहिला असावा.

छापांचा प्रश्न पुढील काळात वाढणार आहे यात शंका नाही. बोलकी यंत्रे आपल्या भाषांत बोलू लागली आहेत आणि त्यांस हाक मारण्यासाठी नावे लागणारच. ती नावे जर आपल्या मुलींच्या नावांतून उचलली गेली, तर ‘रामा’ची कथा कितीतरी अधिक वेगाने पुन्हा घडेल. कायदा मनुष्यास स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याचा हक्क देतो; त्या नावाभोवतीची प्रतिष्ठा टिकवून देण्याची शक्ती मात्र त्यास नाही. ती शक्ती बोलणाऱ्यांच्या समूहाकडे आहे, कारण नावे ठेवणारा तोच आहे. बारशाच्या दिवशी नाव ठेवण्याचे काम दोन घटकांत आटोपते. त्यानंतर त्या नावास हाक कशी मारावयाची, आज्ञेच्या स्वरात की आपुलकीच्या, हे ठरविण्याची जबाबदारी आपणां सर्वांवर राहते.